पट्टाभिमामांची पाठ

कुंचितपादम यांनी भज्यांची बशी हलकेच बाजूला सारली आणि म्हणाले, "माझी एकच अट आहे."

मुलीचे वडील पट्टाभिरामन खुर्चीत सावरून बसले. मुलगी पाहायला आलेला मुलाचा बाप शिरा संपवून भजी बाजूला सारतो तेव्हा पुढे काय येतं, हे मैलापूरच्या निम्म्या घरांत त्यांनी ऐकलेलं होतं.

"हुंडा नको, मानपान नको. लग्न देवळात लावून दिलंत तरी चालेल," कुंचितपादम म्हणाले. "माझे वडील मृदंग वाजवायचे. माझ्या बोटांत काही ती कला उतरली नाही, मी कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवत बसलो. या पोराच्या बोटांत ती परत आली. पण वडिलांचं एक दुःख माझ्या मनातून जात नाही. गायक मोठं गाणं गातो आणि मग गप्प बसून मृदंगवाल्याला एकट्याला वाजवू देतो. ती तनी. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी माणूस जन्मभर हात झिजवतो. आणि लोक नेमके तेव्हाच कॉफी प्यायला उठतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या पाठींसमोर वाजवलं हो. तेव्हा तनी चालू असताना जो माणूस उठतो, त्याच्याशी मला सोयरीक करायची नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पट्टाभिरामन यांच्या पत्नी कोमलम यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच छताच्या पंख्याकडे नजर वळवली.

"तनी चालू असताना उठायचं?" पट्टाभिरामन म्हणाले. आपला आवाज इतका ठाम कसा निघाला याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "छे, छे. चाळीस वर्षं झाली मला इथल्या संगीत सभेचा सभासद होऊन. एकदाही जागचा हललो नाही. विचारा हिला."

"मी कॉफी आणते," कोमलम म्हणाल्या.

"तू थांब, मीच आणतो." पट्टाभिरामन घाईघाईने वळले आणि आत गेले, कारण त्या खोलीत थांबायची त्यांना लाज वाटू लागली होती. मुलगा, सबेशन, इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्याने एकदा मान वर करून जाणाऱ्या पट्टाभिरामन यांच्याकडे पाहिलं, किंचित हसला आणि पुन्हा मान खाली घातली. मुलगा लाजाळू दिसतो, असं कोमलम यांनी नंतर सांगितलं.

खरी गोष्ट अशी होती की डिसेंबरात मार्गळी महिना लागून गाण्याचा मोसम सुरू झाला की पट्टाभिरामन गाण्यांच्या यादीआधी कँटीनचा फळा वाचत. गायकाने मृदंगाकडे हात केला की त्यांचे गुडघे आपोआप सरळ होत. बरं, ते एकटे उठत असते तर गोष्ट वेगळी. पण पट्टाभिमामा उठले म्हणजे वडे तयार झाले, असा सभेत समजच होता. त्यांच्या मागोमाग पाच-सहा रांगा उठत. त्यांची मुलगी रंजनी कॉलेजात असल्यापासून त्यांच्याबरोबर येई, ती मात्र जागा धरून बसे. आपल्या खुर्चीवर रुमाल, रुमालाशेजारी लेक, आणि परत येताना लेकीसाठी कागदात गुंडाळलेला एक वडा, असा त्यांचा बेत ठरलेला असे. पोरगी किती गुणाची, असं ते कँटीनमध्ये चारचौघांना सांगत.

असं असूनही सोयरीक ठरली. एवढ्या लांब कुंभकोणमला आपल्या मुलीचं नाव कुणी सुचवलं, हे पट्टाभिरामन यांना काही केल्या उमगलं नव्हतं. रंजनीला विचारलं तर ती म्हणे, "मला काय माहीत, अप्पा." पण मुलगा तिला मनापासून आवडला होता. तिने तीन चांगल्या स्थळांना नकार दिला होता आणि याला मात्र कॉफी निवायच्या आत होकार दिला होता. हे लग्न मोडलं तर ती चौथ्याकडे बघणारसुद्धा नाही, असं कोमलम यांनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

मोसमात सबेशनला सहा वर्षं दुपारी बाराची वेळ मिळत आली होती. या वर्षी पहिल्यांदाच त्याला चारची वेळ मिळाली, तीही एका नावाजलेल्या गायिकेच्या साथीला. कुंचितपादम त्यासाठी पहाटेच्या गाडीने मद्रासला उतरले. आल्याआल्या म्हणाले, "मुलगी बघायला आलो तेव्हा तसाच परतलो, इथलं काही पाहून पस्तीस वर्षं झाली. चारपर्यंत वेळ आहे. तुमचं गाव दाखवा की जरा."

"अहो, आज सभेत तुमचे पाय बांधून ठेवू का खुर्चीला?" कोमलम यांनी निघताना कानाशी लागून विचारलं.

"काहीतरीच बोलतेस. मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर कडेवर धरून बसले असते."

पट्टाभिरामन बंदर खात्यातून निवृत्त झाले होते आणि जन्म सगळा याच शहरात गेला होता. त्यामुळे शहर दाखवणं हे आपल्या डाव्या हाताचं काम, असं त्यांना वाटत होतं. पण पहिल्या तासाभरातच त्यांच्या लक्षात आलं की व्याह्यांना जे हवं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगण्यासारखं नाही.

सांथोमच्या चर्चमध्ये कुंचितपादम हात जोडून उभे राहिले. "हे संत इथे कधी आले म्हणायचे?"

"फार पूर्वी," पट्टाभिरामन म्हणाले. "मागच्या गल्लीत इडली मिळते, पण आठपर्यंतच."

दीपगृहावरून सगळा मरीना किनारा दिसत होता. वाळू, होड्या, निळं पाणी. व्याही डोळे भरून बघत होते आणि पट्टाभिरामन यांच्या तोंडून निघालं, "तो कोपरा दिसतो का, तिथे संध्याकाळी हरभऱ्यांचं सुंडल फार छान मिळतं." समुद्रासमोरच्या बर्फघराबद्दल मात्र त्यांना खरोखर माहिती होती. पूर्वी जहाजांतून परदेशी बर्फ यायचा आणि या गोल इमारतीत साठवून ठेवायचे, हे त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. ऐकून कुंचितपादम म्हणाले, "म्हणजे हेही खाण्यापिण्याचंच." ते हसत म्हणाले होते, तरी पट्टाभिरामन यांना ते लागलं. किल्ल्यात गेल्यावर इंग्रजांनी हा कधी बांधला, असा सरळ प्रश्न आला तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. "बराच जुना आहे. समोरच्या रस्त्यावर एक गरम पोंगल विकणारा बसायचा, त्याच्याही आधीचा." यावर व्याह्यांनी भिंतीवरची पाटीच वाचून काढली.

एग्मोरच्या संग्रहालयात पंचधातूच्या नटराजासमोर कुंचितपादम बराच वेळ उभे राहिले. मग बोट करून म्हणाले, "तो वाकवून उचललेला पाय बघितलात? तेच माझं नाव. देव एक पाय उचलून शेकडो वर्षं जागेवर उभा आहे. आणि माणसाला वीस मिनिटं बसवत नाही."

पट्टाभिरामन यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. त्याच क्षणी त्यांनी मनाशी शपथ घेतली की आज कँटीनचा फळा वाचायचासुद्धा नाही.

पण सभेच्या दारात शिरताना फळा समोरच होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारून जाणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "मामा, आज केळफुलाचा वडा आहे. मोसमात एकदाच करतो कल्याणम. दिसलं ना?"

"मी आज गाणं ऐकायला आलोय," पट्टाभिरामन म्हणाले. तो माणूस काळजीने त्यांच्याकडे बघत राहिला.

पहिल्या रांगेत चार खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. कडेला पट्टाभिरामन, मग रंजनी, कोमलम आणि कुंचितपादम. पडदा वर गेला. सबेशनने मृदंगाला नमस्कार केला, बापाकडे पाहिलं, मग रंजनीकडे न पाहिल्यासारखं दाखवून पाहिलं. गायिकेचा आवाज मोठा गोड होता. पट्टाभिरामन पहाटे चारपासून उठलेले होते, दीपगृहापासून किल्ल्यापर्यंत हिंडलेले होते, आणि शपथेपायी दुपारी अर्धपोटीच राहिले होते. मोठ्या गाण्याचा आलाप सुरू झाला आणि त्यांची हनुवटी छातीला टेकली.

झोपेत त्यांना टाळ्या ऐकू आल्या. मग टाळ्या थांबल्या आणि मृदंगावर एकटी थाप पडली. डोकं अजून झोपेत होतं, पण गुडघ्यांना ती थाप चाळीस वर्षं ओळखीची होती. पट्टाभिरामन उठले. रुमाल खुर्चीवर टाकला. मधल्या वाटेने चालू लागले. मागे खुर्च्या वाजल्या, आणि पाच-सहा रांगा नेहमीच्या विश्वासाने त्यांच्या मागे निघाल्या.

ते पुरते जागे झाले तेव्हा केळीच्या पानावर पहिला वडा अर्धा संपला होता. लेकीचा वडा कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशातही गेला होता. कँटीनच्या कोपऱ्यात छोटा कर्णा लावलेला होता, कारण गाणं कुठवर आलं ते खाणाऱ्यांना कळायला हवं. शेजारच्याने कर्ण्याकडे मान करून विचारलं, "कोण वाजवतोय हो?"

"असेल कुणी नवा पोरगा," पट्टाभिरामन चटणी लावत म्हणाले. "दहा मिनिटं तरी दळेल. तुम्ही आणखी एक घ्या निवांत."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांना सकाळचा नटराज आठवला. मग दिवस आठवला, वार आठवला, मृदंगावर कोण बसलं आहे ते आठवलं. हातातला घास हातातच राहिला. आता धावत जाऊन खुर्चीत बसावं म्हणून ते वळले, तर दारात कुंचितपादम उभे होते आणि त्यांच्या मागे कोमलम.

कुंचितपादम यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पुढे येऊन पट्टाभिरामन यांचे दोन्ही खांदे धरले. "काय होतंय? छातीत दुखतंय का? तुम्ही उठलात तेव्हाच माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षांत न उठलेला माणूस उगीच उठायचा नाही."

नाही म्हणायची ती वेळ होती. पण पट्टाभिरामन यांची मान होकारार्थी हलली, आणि एकदा हलल्यावर ती परत घेता येईना. कोमलम यांनी कपाळावर हात मारला. व्याह्यांना वाटलं, बिचारी घाबरली.

सभेत दर तिसरा माणूस डॉक्टर असतो आणि तनीच्या वेळी तो कँटीनमध्ये असतो. एक जण धावत आले. डाव्या हातात वडा तसाच ठेवून त्यांनी उजव्या हाताने नाडी पाहिली. "फार जलद चाललीय. घामही आलाय. यांना आडवं करा. आणि हे पान उचला इथून, तेलाचा वाससुद्धा यांना नको." दोन खुर्च्या जोडून पट्टाभिरामन यांना निजवण्यात आलं. कुणीतरी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. कुणी गाडी आणायला पळालं. कुंचितपादम कार्यक्रमपत्रिकेने वारा घालू लागले. कर्ण्यातून सबेशनचा मृदंग चालूच होता.

"रंजनी कुठाय?" पट्टाभिरामन यांनी क्षीण आवाजात विचारलं. तो आवाज क्षीण करावा लागला नाही.

"आली नाही," कोमलम म्हणाल्या. "म्हणाली, अप्पा कँटीनमध्ये आहेत, काळजी करू नका."

"पोर आहे, तिला काय कळतंय," कुंचितपादम म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "वडील गेले त्या दिवशी मी ठरवलं होतं, कुणाच्याही तनीला उठायचं नाही. आज पहिल्यांदा उठलो, तेही माझ्या पोराच्या. पण माणसाच्या जिवापेक्षा मोठं काय आहे? तुम्ही बरे व्हा म्हणजे झालं."

त्यांच्या डोळ्यातला एक थेंब पट्टाभिरामन यांच्या मनगटावर पडला. जमिनीत गडप व्हावं असं त्यांना वाटलं, पण खाली कँटीनची फरशी होती. ते काहीतरी बोलणार होते, खरंच बोलणार होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कल्याणम आला. एका हातात झारा होता, दुसऱ्या हातात पान.

"मामा, आडवे का झालात? दुसरा वडा गरम आहे. रोज तनीला दोन घेता, आज एकावर थांबलात म्हणून मीच घेऊन आलो."

वारा घालणारी पत्रिका थांबली. "रोज?" कुंचितपादम यांनी विचारलं.

"रोज म्हणजे, मोसमात रोज," कल्याणम कौतुकाने म्हणाला. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून. तनी सुरू झाली की मामा येणार आणि मामांच्या मागे निम्मी सभा. मी घड्याळ बघत नाही, सर. मामा दिसले की कढई चढवतो."

डॉक्टरांनी नाडीवरचा हात काढून घेतला आणि वडा खायला सुरुवात केली. पट्टाभिरामन उठून बसले. सदऱ्याच्या गुंड्या उघड्या होत्या, खिशावर तेलाचा डाग पसरला होता, आणि अवतीभोवती चाळीस वर्षांचे सोबती पानं हातात धरून बघत होते.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "त्या दिवशीही आणि आत्ताही. मला काही झालेलं नाही."

कुंचितपादम यांनी पत्रिकेची नीट घडी घालून ती खिशात ठेवली आणि ते सभागृहाकडे निघाले. पट्टाभिरामन गुंड्या लावत मागून धावले. दार बंद होतं. दाराशी बसलेला म्हातारा दारवान म्हणाला, "गाणं संपल्याशिवाय आत सोडता येत नाही."

"आत माझा मुलगा वाजवतोय."

"नियम आहे, सर. या मामांनीच ठराव मांडून करून घेतलाय. लोक मध्येच आत येतात आणि यांचा रसभंग होतो म्हणून."

कुंचितपादम यांनी पट्टाभिरामन यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डोळे मिटून दाराच्या फळीला कान लावला आणि तळहाताने फळीवर हलकेच ताल धरला. थाप, मग बोटं मोजायची, मग थाप. ज्यासाठी बाप कुंभकोणमहून पहाटेच्या गाडीने या शहरात आला होता, ते बंद दाराआडून ऐकण्याची पाळी आपण त्याच्यावर आणली, हे पट्टाभिरामन यांना त्या हाताकडे बघताना पुरतं कळलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तेही फळीला कान लावून उभे राहिले. आतला मृदंग आधी सावकाश बोलत होता, मग प्रश्न विचारू लागला, मग स्वतःच उत्तरं देऊ लागला. ताल सुटतो की काय असं वाटावं आणि नेमका जागेवर येऊन पडावा. पट्टाभिरामन यांचा हात नकळत फळीवर गेला. तो चुकत होता, पण त्यांनी तो काढला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी तनी कधी ऐकलीच नव्हती. आपण किती वडे खाल्ले याचा हिशेब नव्हता, आणि हे असं किती वेळा चुकवलं याचाही नव्हता. त्यांना रडू आलं.

शेवटी गायिकेने गाण्याची ओळ पुन्हा उचलली, टाळ्या पडल्या आणि दार उघडलं. पुढच्या सहा रांगा रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेत एकटी रंजनी बसली होती. तिचा तळहात अजून मांडीवर तालाच्या शेवटच्या थापेपाशी थांबलेला होता. शेजारच्या खुर्चीवर अप्पांचा रुमाल होता, आणि त्या रुमालाकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सगळे रंगमंचामागच्या बोळात जमले. सबेशन घामाने निथळत बाहेर आला.

"सामान आवर," कुंचितपादम म्हणाले. "आपल्याला परत निघायचंय. हे लग्न होणार नाही. या गृहस्थांनी आपल्याला फसवलं."

रंजनीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. पट्टाभिरामन हात जोडून पुढे झाले. "शिक्षा मला द्या. माझ्या मुलीचा यात काही दोष नाही."

"त्यांनी मला फसवलं नाही, अप्पा," सबेशन शांतपणे म्हणाला. "मला आधीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सहा वर्षं मी या सभेत वाजवतोय. मी पहिली थाप मारली की एक पाठ उठते आणि तिच्यामागे सगळे जातात. मामांचा चेहरा मी ओळखला नसता, पण त्या दिवशी ते कॉफी आणायला आत वळले आणि पाठ लगेच ओळखली."

"आणि तरी तू गप्प बसलास?"

सबेशनने खाली पाहिलं. "पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं. वाटलं, मृदंग सोडून द्यावा. पण समोरच्या रांगा रिकाम्या झाल्या तेव्हा मध्ये एक मुलगी बसलेली दिसली. ती ताल धरून ऐकत होती. दुसऱ्या वर्षीही तीच, तिसऱ्या वर्षीही तीच. मग मी तिच्यासाठीच वाजवायला लागलो. शेवटी दारवानाला विचारून घरचा पत्ता मिळवला. तुम्हाला म्हणालो होतो ना, मित्राने सुचवलंय." तो थांबला. "मामा उठले नसते तर इतक्या गर्दीत ती मला दिसली नसती."

पट्टाभिरामन यांनी लेकीकडे पाहिलं. "मला वाटायचं, तू जागा धरून बसतेस."

"तुम्हाला तसं वाटायचं म्हणून बरं होतं, अप्पा. नाहीतर वडा खायला घेऊन गेला असतात."

कुंचितपादम यांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर पट्टाभिरामन यांच्या सदऱ्यावर येऊन थांबली. "खिशात काय आहे?"

"वडा," पट्टाभिरामन म्हणाले. "रंजनीसाठी. दर वेळी आणतो."

"तुम्हीच घ्या," रंजनी कुंचितपादम यांना म्हणाली. "तनी ऐकल्यावर मला काही खाववत नाही. मी ते वडे देवळाच्या तळ्यातल्या माशांना घालते."

हे पट्टाभिरामन यांना नवीन होतं. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि कागदाची पुडी पुढे केली. कुंचितपादम यांनी वडा मोडला. सकाळपासून त्यांनीही धड काही खाल्लं नव्हतं. त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. तेवढ्या वेळात कोमलम यांनी तीन देवांना नवस बोलून घेतले.

"लग्नात तनी ठेवायची," ते अखेर म्हणाले. "आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मी शेजारी बसणार आहे." मग आणखी एक घास घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "कल्याणमकडे अजून असतील का हो?"

पट्टाभिरामन वाट दाखवायला निघाले. पण सबेशन तिथेच उभा होता, आणि त्याच्याकडे पाठ करायचं धाडस त्यांना काही होईना. तेव्हा ते तसेच उलट्या पावलांनी, हाताने भिंत चाचपत कँटीनकडे निघाले.